सव्वापट हॉस्टेल, सव्वापट खोली

आमच्या ह्यांनी आजवर कुठल्याही गोष्टीवर आधी वजन टाकून बघितल्याशिवाय विश्वास ठेवलेला नाही. हे लिफ्ट इन्स्पेक्टर. इमारतींच्या लिफ्ट तपासायच्या आणि ठीक निघाल्या तर आतल्या चौकटीतल्या कागदावर सही करायची, हे ह्यांचं काम. लिफ्टमध्ये 'आठ माणसं' असं लिहिलेलं असलं तर हे आठ माणसांइतकी लोखंडी वजनं आत भरतात, आणि त्याच्यावर आणखी दोन माणसांची. म्हणजे सव्वापट. "आठाला आठ कोणीही उचलेल," हे म्हणतात, "शेरावर सव्वाशेर टाकल्यावर काय होतं ते बघायचं असतं."

कामावर ठीक आहे हो! पण हा माणूस ते घरी घेऊन येतो. पलंग घ्यायला गेलो तेव्हा दुकानात त्या पलंगावर हे, मी, ह्यांची बहीण आणि दुकानदार असे चौघं उभे राहिलो होतो. दुकानदार कशाला? तर वजन थोडं कमी पडत होतं. नवी छत्री आणली की ती आधी बाथरूममध्ये शॉवरखाली. मुलगी व्हायच्या आधी पाळणा आणला, तर त्यात बटाट्यांची गोणी घालून हे तीन दिवस झोके देत होते. मी एवढं मोठं पोट घेऊन दारात उभी, आणि हे बटाट्यांना जोजवतायत. शेजारीण काहीतरी मागायला आली होती, तिनं ते दृश्य बघितलं आणि काही न मागता परत गेली.

मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसते. एकवीस वर्षं झाली. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि मी गोड आवाजात "नोंद केली, पुढे या" म्हणते. त्यामुळे माझा सगळा राग शिल्लक राहतो, तो मी घरी आणते आणि घरच्यांना वाढते. आमच्या घरात ह्यांचं वजन, माझा राग आणि ह्या दोन्हींच्या मधून सुळकन निसटणारी आमची मुलगी. चालायला लागली त्या दिवसापासून ती गोल गोल फिरते, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. लहानपणी कुठल्याही इमारतीत गेलो की ती आधी लिफ्टमधली चौकट बघायची. बाबांची सही दिसली तर आत, नाहीतर जिना. एकदा दातांच्या डॉक्टरकडे जायला तिनं मला सहा मजले चढवले होते. दुखत दात तिचा होता आणि विव्हळत मी होते.

आता ती अठरा वर्षांची आहे, आणि तिला पूल बांधायला शिकायचंय. बापाचीच लेक! कॉलेज मिळालं तेही चांगलं मिळालं, पण शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आमच्या घरापासून दोन बस बदलून पावणेदोन तास. पत्र आलं त्याच दिवशी भिंगरीनं जाहीर केलं की ती तिथेच राहणार. एकतर कॉलेजच्या आवारातल्या हॉस्टेलमध्ये, नाहीतर तिथून बसनं वीस मिनिटांवर दोघींत एक अशी भाड्याची खोली मिळत होती तिथे. हॉस्टेलचा फॉर्म पालकांच्या सहीनं तीन आठवड्यांनी, शनिवारी बाराच्या आत जायला हवा होता. नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. खोलीवाल्या बाईंनीही शनिवारपर्यंतच थांबते म्हणून सांगितलं होतं.

"हॉस्टेल महाग आहे पण सगळं त्यात येतं," भिंगरी म्हणाली. "खोली स्वस्त आहे पण सगळं आपलं आपण. तुम्ही सांगा बाबा, कोणतं परवडेल?"

"मी कोण सांगणार? आकडे सांगतील," हे म्हणाले.

खरं सांगू? मला दोन्ही नको होतं. मला ती घरी हवी होती. सकाळी तिचे ओले केस माझ्या आरशावर उडतात त्याबद्दल मी रोज ओरडते, आणि ते ओरडणं मला बंद करायचं नव्हतं. त्यात सगळ्यांत स्वस्त काय, हे शेंबडं पोरही सांगेल. घरून जायचं, घरी यायचं, घरचं खायचं. पण मी गप्प बसले. म्हटलं, हे आकड्यांचे भक्त, आज ना उद्या स्वतःच तिसरा रकाना आखतील. माझ्या तोंडून गेलं तर पोरगी जन्मभर मला बोल लावेल.

भिंगरीही काही कमी नाही. भांडी पुसता पुसता हळूच म्हणाली, "आई, बाबांना तिसरं काही सुचवायचं नाही हं."

"तिसरं काय बाई?" मी म्हटलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

पहिला आठवडा हे नुसते गायबच होते. पहाटे जायचे, आठ वाजता यायचे, जेवता जेवता पेंगायचे. तीन दिवस पाठीला मलम चोळून घेतलं माझ्याकडून. "ऑफिसात वजन उचललं," म्हणाले. मी चांगली खरडपट्टी काढली, की या वयात वजनं उचलायला काय तुम्ही हमाल आहात का. आठवडा संपता संपता एका सकाळी ताठ उभे राहिले आणि त्यांनी घोषणा केली, "कागदावरचे आकडे खोटे असतात. चाचणी घ्यायची. एक आठवडा हॉस्टेल, एक आठवडा खोली. इथेच. घरात."

मला वाटलं, मलम डोक्याला चढलं.

हॉस्टेल म्हटलं की खोलीत दुसरी मुलगी लागते, म्हणून ह्यांनी आपल्या थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं. वन्सं म्हणजे इस्पितळातल्या निवृत्त हेड नर्स. तीस वर्षं वॉर्ड हाकलेली बाई. मला वाटलं, त्या आपल्या भावाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतील. छे! एका हातात उशी आणि दुसऱ्या हातात पत्त्यांचा जोड घेऊन त्या दारात उभ्या. "मला हॉस्टेलमध्ये राहायचंच होतं गं लहानपणापासून. खिडकीकडची कॉट माझी!"

हे झाले रेक्टर. मी झाले मेस. नियमांचा कागद फ्रिजवर लागला. आता हॉस्टेलचं गेट नऊला बंद होतं, पण ह्यांची चाचणी सव्वापट, म्हणून आमचं दार साडेसातलाच बंद. दुसऱ्याच दिवशी मला ऑफिसातून यायला पावणेआठ झाले. दार लावलेलं! मी बेल वाजवतेय, आणि हे आतून फटीतून रजिस्टर सरकवतायत. "उशिराचं कारण लिहा आणि सही करा."

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'नवरा'.

आतून वन्सं आणि भिंगरीच्या हसण्याचा आवाज आला तो थांबेचना. रेक्टरसाहेबांनी कागद वाचला, चष्मा पुसला, आणि दार उघडलं. पण शेरा मारलाच, 'कारण समाधानकारक नाही'.

मेसचं तर विचारूच नका. "हॉस्टेलची भाजी पातळ असते," हे म्हणाले. "सव्वापट पातळ कर." अठ्ठावीस वर्षं माझी भाजी पातळ म्हणून नाक मुरडणारा हा माणूस! मी अशी भाजी केली की तिच्यात बटाटा शोधायला टॉर्च लागावा. वन्संनी लेखी तक्रार दिली. मी ती दोन बोटांत धरली आणि म्हटलं, "नोंद केली, पुढे या." पुढे भिंगरी उभी होती, तिचीही तक्रार होती. तिच्यामागे खुद्द रेक्टर ताट घेऊन उभे होते. त्यांचीही नोंद केली.

आंघोळीची चाचणी वेगळी. हॉस्टेलमध्ये आठ मुलींत एक न्हाणीघर. तेवढ्या मुली कुठून आणणार? म्हणून ह्यांनी बाथरूमबाहेर सात बादल्या रांगेत ठेवल्या. एक बादली म्हणजे एक मुलगी. दर पाच मिनिटांनी हे एक बादली बाजूला करायचे आणि म्हणायचे, "पुढची." भिंगरी खांद्यावर टॉवेल टाकून सात बादल्यांच्या मागे उभी. तिसऱ्या दिवशी तर ती बादल्यांशी बोलायला लागली. "अगं ए निळे, लवकर आटप ना! माझं लेक्चर आहे." चौथ्या दिवशी वन्संनी निळ्या बादलीला मध्ये घुसल्याबद्दल झापलं. हसून हसून माझी मुरकुंडी वळली, कपाळ भिंतीवर आपटलं आणि हे म्हणाले, "मेसनं हसायचं नाही."

पण चाचणीतून निघायचं ते निघत होतं. माझ्या पातळ भाजीनं पोट भरेना, म्हणून दोघी बिस्किटं, फळं, उकडलेली अंडी चोरून आणायच्या. हे कचऱ्याच्या डब्यातून रॅपर काढून एकेक वहीत लिहायचे. भिंगरी म्हणाली, "बाबा, हेरगिरी आहे ही." हे म्हणाले, "हा खर्च आहे. कॉलेजच्या पत्रकात तो लिहिलेला नाही, म्हणून तर लिहितोय." एका आठवड्याची चोरी निघाली दोनशे पंधरा.

मग आला खोलीचा आठवडा. आमच्या मागच्या खोलीतलं अडगळीचं सामान हलवून तिथे दोघींची रवानगी झाली. एक शेगडी, दोन पातेली, आणि बस म्हणून जिना. कॉलेजपर्यंत वीस मिनिटांचा प्रवास, तर जिन्यात वीस मिनिटं उभं राहायचं. वन्सं कंडक्टर होऊन "पुढे सरका, पुढे सरका" करत तिकिटं फाडायच्या. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ ऑफिसला निघाले होते, त्यांनाही एक तिकीट मिळालं. त्यांनी ते मुकाट्यानं खिशात ठेवलं.

आणि हे झाले घरमालक. इस्त्रीचा कोट घालून भाडं मागायला गेले. मी दाराआडून ऐकत होते.

"काका, नळ गळतोय," भिंगरी म्हणाली.

"बघतो."

"कधी?"

"बघतो म्हटलं ना," असं म्हणून हे चक्क निघून आले. अहो, ह्या माणसाला गळका नळ दिसला तर जेवण गोड लागत नाही! पण खरा घरमालक बघत नाही, म्हणून हे सात दिवस दात आवळून बसले. पाण्याचे थेंब मात्र मोजत होते.

त्या खोलीत दोघींनी काय धुमाकूळ घातला! पहिल्या दिवशी भात करपला. दुसऱ्या दिवशी तो करपू नये म्हणून कच्चा उतरवला. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकाला रामराम ठोकून बाहेरून मागवलं. पत्ते, गाणी, नखांना रंग. साठी उलटलेल्या वन्सं, आणि पायाच्या नखांना जांभळा रंग! मला त्या खोलीत जायला बंदी होती, कारण आई रोज येत नसते. पाचव्या दिवशी मला राहवेना. ताटलीत गरम भजी घेऊन गेले आणि दार वाजवलं. आतलं हसणं थांबलं. भिंगरीनं दार अर्धं उघडलं.

"आई, फोन करून यायचं ना गं," ती म्हणाली.

ती थट्टाच करत होती. मीही हसले. ताटली देऊन माझ्याच घरातल्या त्या दारापुढे मी उभी राहिले, आणि मग पुढची पाच मिनिटं मी स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलं पातेलं परत धुतलं. तेव्हाच ठरवलं. शनिवारी सकाळी तिसरा रकाना काढायचा म्हणजे काढायचा. मग बोल लागला तर लागू दे.

शनिवार उजाडला. सकाळी साडेनऊला हे वही घेऊन टेबलाशी बसले. एका बाजूला भिंगरी, एका बाजूला वन्सं, समोर मी.

"हॉस्टेल," हे म्हणाले. "भाडं आणि जेवण मिळून महिना आठ हजार चारशे. वीज, पाणी त्यातच. चोरीची बिस्किटं आणि अंडी आठशे साठ. कपडे धुण्याच्या मशीनचे दोनशे. एकूण नऊ हजार चारशे साठ."

भिंगरीनं टेबलाखाली माझा हात धरला होता.

"खोली. अर्धं भाडं, वीज, गॅस, बसचा पास, किराणा मिळून सात हजार चारशे. दिसायला एकदम हजारानं स्वस्त." हे थांबले. त्यांना असं थांबायला फार आवडतं. "पण कॉलेज दहा महिने आणि भाडं बारा महिने. सुटीतल्या दोन महिन्यांचं भाडं दहा महिन्यांवर पसरलं की महिना सातशे वाढतात. गादी, बादली, शेगडी, तीनशे. आणि भात करपल्यामुळे बाहेरून मागवलेलं, नऊशे ऐंशी. एकूण नऊ हजार तीनशे ऐंशी."

वन्संनी बोटं मोजली. "म्हणजे फरक..."

"ऐंशी," हे म्हणाले. त्यांचा चेहरा असा उतरला होता, की जणू लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय. "महिन्याला फक्त ऐंशी." ऐंशीत आम्हा चौघांचा बाहेरचा चहासुद्धा होत नाही. दोन आठवडे घर डोक्यावर घेतलं, बादल्यांना रांगेत उभं केलं, आणि आकडे म्हणतात, तुमचं तुम्ही बघा!

मला असा आनंद झाला म्हणून सांगू! मी उठून उभीच राहिले. "अहो, तुमची चूक झालीय!" म्हटलं. "अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा सापडलात. तिसरा रकाना कुठाय? घरून जाऊन-येऊन! दोन बसचा पास आणि घरचं जेवण. तीन हजारांत भागतं. एक तृतीयांश! शेंबड्या पोराला कळतं ते तुम्हाला कळलं नाही?"

भिंगरीनं माझा हात सोडला. "आई," एवढंच म्हणाली.

ह्यांनी वही उलटी पालटली, पार पहिल्या पानापर्यंत, आणि माझ्यापुढे सरकवली. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची, पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची. वर लिहिलं होतं, 'घरून'. बसचे पास, घरचं जेवण, डबा. एकूण तीन हजार पन्नास. आणि त्याखाली ह्यांच्या त्या ठसठशीत, लिफ्टच्या कागदावरच्या अक्षरात तीन ओळी होत्या. चाचणी पहिली, नापास. चाचणी दुसरी, नापास. चाचणी तिसरी, नापास.

"ही कधी घेतलीत?" मी विचारलं.

"रजा काढली होती तीन दिवस."

मला मलम आठवलं. "आणि पाठ?"

"पाठीवर सॅक होती. आत लोखंडी वजनं, पुस्तकांच्या सव्वापट." हे वहीकडे बघत बोलत होते. "पहाटेची बस पकडायची, तिथे दिवसभर बसायचं, संध्याकाळी परत. पहिल्या दिवशी जाताना उभा, येताना उभा. दुसऱ्या दिवशी बसायला मिळालं तर झोप लागली, भलत्याच स्टॉपवर उतरलो. तिसऱ्या दिवशी घरी येऊन वही उघडली आणि पेन हातात धरून तसाच झोपलो. तिला अभ्यास करायचाय गं. ह्यातून ती रोज गेली, तर ती पूल शिकणार नाही, बस शिकेल."

"अरे, मग एकदा घेतलीस ते पुरलं नाही?" वन्सं म्हणाल्या. "तीन-तीनदा कशाला?"

ह्यांनी चष्मा काढला. "पास व्हावी म्हणून," ते म्हणाले. "मला वाटलं, एकदा तरी होईल."

मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले नाही. मला रडू आलं, ते मी येऊ दिलं. मी एकटीच ती घरी हवी म्हणत होते असं मला वाटत होतं, आणि हा माणूस लोखंडाचं ओझं पाठीवर घेऊन, तीन दिवस बसमध्ये लोंबकळून तेच मागत होता. आणि मागून नापास झाल्यावर एका शब्दानं बोलला नाही, उलट सात बादल्या आणून रांगेत ठेवल्या.

वन्संनी चार वेळा नाक शिंकरलं, मग कडक आवाजात म्हणाल्या, "रडारड नंतर. घड्याळात दहा वाजलेत. हॉस्टेल की खोली?"

"खोलीची चाचणी चुकलीय बाबा," भिंगरी एकदम म्हणाली. तिचे डोळेही ओले होते, पण बापासारखीच वहीत बोट घालून बसली होती. "आपण वजनच चुकीचं टाकलं. खोलीत माझ्याबरोबर आत्या होती. तिथे आत्या नसणार. कोणीतरी अनोळखी मुलगी असेल, आणि नळ गळेल, आणि भात करपला की हसायला कोणी नसेल. मला खोली नाही आवडली, मला आत्या आवडली. हॉस्टेलमध्ये निदान सात बादल्या तरी असतील."

ह्यांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना फक्त लिफ्टच्या नव्या कोऱ्या तारेच्या दोराकडे बघताना पाहिलंय. "बरोबर," ते म्हणाले. "एकदम बरोबर. माझ्या ध्यानातच आलं नाही." आणि त्यांनी स्वतःच्या वहीत, स्वतःच्या चाचणीवर लाल पेनानं फुली मारली.

मग त्यांनी फॉर्म माझ्यापुढे ठेवला. "तू कर सही. चाचणी घेणाऱ्यानं एकट्यानं सही करायची नसते, आमचा नियम आहे. दुसऱ्याला पटलं पाहिजे."

"मला नाही पटलेलं," मी म्हटलं.

"मग नको करू."

भिंगरीनं हात जोडले नाहीत, गळही घातली नाही. मी पेन उचललं. माझ्या खिडकीवर रोज शंभर लोक येतात, आणि त्यांच्या तक्रारी खऱ्या असल्या तरी मी त्यातल्या बऱ्याच बंद करते. माझीही तक्रार खरी होती. मी सही केली.

फॉर्म मोबाईलवरून पाठवायचा होता. ह्यांचा मोबाईलवर कुठला विश्वास! फोटो काढून चार वेळा पाठवला, आणि वर आणखी एकदा. सव्वापट. कॉलेजकडून पाच वेळा उत्तर आलं, 'फॉर्म मिळाला'. शेवटच्या उत्तरापुढे त्यांनी लिहिलं होतं, 'कृपया आता थांबा'. भिंगरी वन्संना कवेत घेऊन स्वयंपाकघरभर गोल गोल फिरली, आणि वन्सं ओरडत होत्या, "अगं सोड, चक्कर येतेय, मला औषध कोण देणार, मीच नर्स!"

तिला पोचवायला गेलो तो दिवस मात्र सांगते आणि थांबते. हॉस्टेल चार मजल्यांचं, तिची खोली तिसऱ्यावर. ह्यांनी कॉटवर दोन्ही पेट्या ठेवून आपण वर बसून बघितलं. नळ बघितला, कडी बघितली. मग खाली उरलेली बादली आणायला म्हणून गेले ते गेलेच. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मी बघायला बाहेर आले तर लिफ्टपाशी पाच-सहा मुली ताटकळत उभ्या. "काकू, लिफ्टमध्ये एक काका आहेत, ते वर-खाली करतायत. दार उघडलं की लगेच बटण दाबतात."

पुढच्या खेपेला दार उघडलं तशी मी आत घुसले. हे कोपऱ्यात उभे, हातात निळी बादली, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"काय चाललंय?" मी म्हटलं.

"तपासतोय." त्यांनी 'आठ माणसं' लिहिलेल्या चौकटीकडे बोट दाखवलं. "ही माझी सही नाही. दुसऱ्या इन्स्पेक्टरची आहे. हा वजनं नीट मोजत नाही, मी ओळखतो त्याला." आणि चौथ्या मजल्याचं बटण दाबलं.

आम्ही दोघं वर गेलो, खाली आलो. परत वर गेलो. मलाही बाहेर पडायचं नव्हतं. तिसऱ्या फेरीला तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं, तर दारात भिंगरी कमरेवर हात ठेवून उभी.

"बाबा, सगळ्यांना उशीर होतोय," ती म्हणाली, आणि आत आली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला एकदम सहा मजले जिना चढवणारी ती पोर आठवली. चौकटीत बाबांची सही नव्हती, आणि तिनं तिकडे मानही वर केली नाही. तिनं ह्यांच्या हातातली बादली घेतली, आणि तळमजल्याचं बटण दाबलं.

खाली पोचेपर्यंत तिनं आम्हा दोघांना एकदमच मिठी मारली. बादली माझ्या गुडघ्याला लागत होती. "पास की नापास?" तिनं विचारलं.

"पास," हे म्हणाले.

दार उघडलं. आम्ही दोघं बाहेर आलो. खाली ताटकळलेल्या मुली हसत, ढकलाढकली करत आत शिरल्या, भिंगरी बादली छातीशी धरून त्यांच्यात दबली, आणि दार मिटलं. "आठ," हे पुटपुटले. "मोजल्या मी. बरोबर आठ." दारावरच्या पट्टीवर आकडे पेटत होते. एक. दोन. आम्ही माना वर करून बघत उभे होतो. तीनवर लिफ्ट थांबली, आणि आकडा तिथेच राहिला.